टोमॅटोची बगलफूट: काढायची की ठेवायची?

गच्चीवर किंवा परसात टोमॅटो लावणाऱ्याला पहिला महिनाभर फारसं काही करावं लागत नाही. रोप जीव धरतं, पानं काढतं, गुडघ्याएवढं होतं. मग चांगलं ऊन आणि पोटभर पाणी मिळालं की आठवड्याभरात त्याचा नूरच बदलतो. प्रत्येक पानाच्या बेचक्यातून नवा फुटवा डोकावतो, त्या फुटव्याच्या बेचक्यांतून आणखी फुटवे निघतात आणि एका खोडाच्या जागी पाच-सहा खोडांचं जंजाळ उभं राहतं. नेमकं याच सुमारास शेजारपाजारचं किंवा मोबाइलवरचं कुणीतरी सांगतं, ‘बगलफूट काढून टाका, मग बघा टोमॅटो कसे लगडतात!’ आणि हातात कात्री येते.

हा सल्ला अर्धाच खरा आहे आणि उरलेल्या अर्ध्यात घरच्या बागेचं नुकसान आहे. बगलफूट काढल्यानं टोमॅटो आकारानं मोठे होतात, थोडे आधी पिकतात, झाड आटोपशीर राहतं, तोडणी सोपी जाते. पण एका झाडाला लागणाऱ्या टोमॅटोंची संख्या वाढत नाही. ती घटते, आणि बहुतेक वेळा एकूण वजनही घटतं. आपण जो फुटवा कोवळा असताना खुडतो, त्यालाच पुढं फुलांचे घोस येणार असतात. म्हणून छाटणी करायची ती जागा, हवा आणि आधार यांच्या सोयीसाठी. जास्त उत्पन्नाच्या आशेनं करू नये. हे एकदा मनात पक्कं बसलं, की कोणत्या झाडाला किती हात लावायचा हे ठरवणं अवघड राहत नाही.

पानं उन्हाच्या जोरावर साखर बनवतात. ती साखर शेंडा, मुळं, फुटवे आणि फळं या सगळ्यांत वाटली जाते. फुटवा अगदी कोवळा असताना नुसता घेत असतो. त्याची स्वतःची पानं मोठी झाली की तो कमावता होतो आणि आपल्या फळांना आपणच पोसू लागतो. म्हणून बोटभर फुटवा खुडला, तर मुख्य खोडावरच्या फळांच्या वाट्याला जास्त साखर येते. तोच फुटवा हातभर वाढून फुलांवर आल्यावर कापला, तर झाडानं त्याच्यावर केलेला सगळा खर्च वाया जातो आणि कमावती पानंही जातात. घरच्या बागेत बहुधा हे दुसरंच घडतं. पंधरा दिवस झाडाकडे पाहायला सवड मिळत नाही आणि मग एका रविवारी टोपलीभर पाला एकदम कापला जातो. अशी छाटणी करण्यापेक्षा झाड तसंच वाढू दिलेलं बरं.

कात्री उचलण्याआधी पाहायची गोष्ट म्हणजे झाडाच्या वाढीची तऱ्हा. टोमॅटोचे काही वाण मर्यादित वाढीचे असतात. त्यांच्या शेंड्याला काही घोस आले की शेवटी शेंडाच फुलांच्या घोसात संपतो. झाड दोन-तीन फुटांवर थांबतं, झुडपासारखं डेरेदार होतं आणि त्याची बहुतेक फळं थोड्या आठवड्यांच्या अंतरात पिकून जातात. काही वाण अमर्याद वाढीचे असतात. साधारण सात ते बारा पानं झाल्यावर त्यांना पहिला घोस येतो, नंतर दर तीन पानांमागे एक घोस, आणि हा क्रम चालूच राहतो. आधार मिळाला तर असं झाड सहा-आठ फूट सहज चढतं. या दोहोंच्या मधले, म्हणजे अर्धमर्यादित वाढीचेही वाण आहेत आणि भारतात लावले जाणारे बरेच संकरित वाण त्याच गटातले आहेत.

मर्यादित वाढीच्या टोमॅटोची कहाणी ऐकण्यासारखी आहे. १९१४ च्या सुमारास अमेरिकेतल्या फ्लॉरिडा राज्यात एका शेतात असं एक झाड आढळलं, की त्याची वाढ आपोआप थांबत होती. कुणी मुद्दाम घडवलेलं नव्हतं. एका जनुकात आपसूक झालेल्या बदलाचा तो परिणाम होता. पुढं पैदासकारांनी तो गुण शेकडो वाणांत उतरवला. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात टोमॅटोची तोडणी यंत्रानं होऊ लागली, तिथं याच गुणाचा उपयोग झाला. डेव्हिस इथल्या विद्यापीठात जॅक हॅना यांनी यंत्राला सोसेल असा वाण तयार केला आणि कोबी लॉरेन्झन यांनी यंत्र. झाड बुटकं असावं आणि फळं एकदम पिकावीत, म्हणजे यंत्राच्या एका फेरीत शेत मोकळं व्हावं, हा त्यामागचा हिशेब होता. केचप आणि प्युरीचे कारखाने आजही मुख्यतः अशाच टोमॅटोंवर चालतात.

अशा झाडाची बगलफूट काढणं म्हणजे स्वतःच्या हातानं पीक कमी करणं होय. त्याला मोजकेच घोस येणार असतात आणि ते मुख्य खोडाइतकेच फांद्यांवरही येतात. एकदा फांदी खुडली की तिची भरपाई करायला झाडाकडे पुढची वाढ शिल्लक नसते. पहिल्या घोसाच्या खाली, मातीला टेकू पाहणारे एक-दोन फुटवे काढले तर चालतं. घोसाच्या वरच्या फुटव्यांना हात लावू नये. आधाराला एक काठी आणि फळांच्या भारानं वाकणाऱ्या फांद्यांना सैल सुतळी, एवढी सोय अशा झाडाला पुरते.

आपल्याकडचं झाड कोणत्या तऱ्हेचं, हे बियांच्या पाकिटावर लिहिलेलं असतं. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा पुसा रुबी हा जुना, घरोघरी लावला गेलेला वाण अमर्याद वाढीचा आहे. त्याच संस्थेचा पुसा अर्ली ड्वार्फ मर्यादित वाढीचा. बंगळूरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेचा अर्का रक्षक अर्धमर्यादित आहे. परदेशी बियाणं मागवणाऱ्यांच्या ओळखीचा रोमा झुडपी, तर सॅन मार्झानो उंच चढणारा. चेरी टोमॅटो बहुतेक सगळे अमर्याद वाढीचे असतात.

रोपवाटिकेतून आणलेल्या रोपावर बहुधा काहीच लिहिलेलं नसतं. तिथं झाडच पाहावं लागतं. पहिला आणि दुसरा घोस आल्यावर त्यांच्या मधली पानं मोजावीत. तीन पानं असतील आणि तिसऱ्या घोसापर्यंत पुन्हा तीन असतील, तर झाड चढणारं आहे. दोन घोसांत एक किंवा दोनच पानं असतील आणि शेंडा फुलांत संपायला लागला असेल, तर झाड झुडपी आहे. हे कळेपर्यंत कात्री बाजूला ठेवण्यानं काही बिघडत नाही. घाईनं कापलेली फांदी मात्र परत जोडता येत नाही.

आता अमर्याद वाढीच्या झाडाकडे वळू, कारण खरा प्रश्न त्याचाच आहे. मोबाइलवर दिसतात ती एका खोडाची, दोरीवर सरळ चढवलेली, बारा-पंधरा फूट लांबीची झाडं बहुधा नेदरलँड्ससारख्या देशांतल्या काचगृहांतली असतात. तिथं दर चौरस मीटरला अडीच-तीन खोडं बसवतात. आठवड्याला प्रत्येक झाडाची बगलफूट काढायला माणसं असतात, आणि तेच झाड कित्येक महिने फळं देत राहतं. झाडामागे फळं कमी झाली तरी जागेमागे झाडं जास्त असल्यानं त्यांचा हिशेब जुळतो. गच्चीवर चार बादल्यांत चार झाडं असणाऱ्याला हा हिशेब लागू पडत नाही. त्याची झाडं चारच राहणार आहेत. प्रत्येक झाडाचं घटलेलं पीक त्याच्या घरचंच घटलेलं असतं.

आपल्याकडचे टोमॅटोवाले शेतकरी काय करतात, तेही पाहण्यासारखं आहे. जुन्नर तालुक्यात नारायणगावच्या किंवा नाशिक जिल्ह्यात पिंपळगाव बसवंतच्या बाजूला हंगामात गेलं, तर ओळीनं रोवलेले बांबू, त्यांच्यावरून ओढलेल्या तारा आणि तारांना सुतळीनं बांधलेली झाडं दिसतात. बुडापासूनचे फुटवे आणि मातीला लागणारी पानं ते काढतात, म्हणजे खालून हवा खेळते, फवारा आतपर्यंत पोचतो आणि फळ चिखलाला टेकत नाही. पण उघड्या रानातलं झाड एका खोडावर आणण्याच्या भानगडीत सहसा कुणी पडत नाही. त्याला मजुरी फार लागते, आणि पाला कमी झाला तर फळ उन्हानं भाजतं. ज्याचं पोट टोमॅटोवर चालतं तो एवढाच हात लावतो, हे घरच्या बागवानानं लक्षात घ्यावं.

आणखी एक फरक आहे. शेतकऱ्याला क्रेटमध्ये एकसारख्या आकाराचा माल हवा असतो, कारण मोठ्या फळाला वेगळा भाव मिळतो. घरात तसं नसतं. आमटीला एक, कोशिंबिरीला दोन, कधी साराला चार-पाच, असे लहानमोठे टोमॅटो रोज मिळत राहिले तर घर समाधानी असतं. मोठ्या फळाचा ध्यास घेऊन संख्या घालवणं या गरजेशी जुळत नाही. चेरी टोमॅटोच्या बाबतीत तर आकार वाढवण्याचा हेतूच उरत नाही; तिथं झाड हाताबाहेर जाऊ नये एवढ्यापुरतीच छाटणी.

मग अमर्याद वाढीच्या झाडाचं करावं काय? मधला मार्ग दोन खोडांचा आहे. मुख्य खोड ठेवावं आणि त्याच्या जोडीला पहिल्या घोसाच्या लगेच खालचा फुटवा ठेवावा. झाडावरच्या सगळ्या फुटव्यांत हाच जोमदार असतो आणि मुख्य खोडाच्या बरोबरीनं वाढतो. त्याच्या खालचे सगळे फुटवे काढून टाकावेत. वरचे, झाडाची जागा आणि आधार पाहून, काढावेत किंवा ठेवावेत. बाल्कनीत भिंतीलगत दीड फूट जागा असेल तर एक खोड किंवा फार तर दोन. वीस लिटरची बादली किंवा पंधरा इंची कुंडी असेल तर दोन. अंगणात जमिनीत लावलेलं झाड असेल, दोन झाडांत अडीच फुटांचं अंतर असेल आणि मजबूत मांडव असेल, तर तीन-चार खोडंही खुशाल वाढू द्यावीत.

कुंडीचा मुद्दा थोडा जास्त महत्त्वाचा आहे. कुंडीत मुळांना जागा मोजकी असते. वर सहा खोडांचा पसारा झाला तर मार्च-एप्रिलच्या दुपारी ती मुळं तेवढ्या पानांना पाणी पुरवू शकत नाहीत. सकाळी पाणी घातलेलं झाड तीन वाजता मान टाकतं, संध्याकाळी पुन्हा उभं राहतं. असं रोज होऊ लागलं की फळाच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग पडायला लागतो. पाण्याच्या ओढाताणीत फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचत नाही, म्हणून तो पडतो. कुंडीतल्या झाडाच्या छाटणीचं हे एक सबळ कारण आहे. पण ती सुरुवातीपासून, थोडी थोडी व्हायला हवी. पसारा झाल्यावर एकदम कापणं हा त्यावर उपाय नाही. तेव्हा कुंडीवर वाळक्या पाचोळ्याचा जाड थर घालावा, दुपारी सावलीची जाळी बांधावी आणि दोन वेळा पाणी द्यावं.

ऊन हा या विषयातला सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. थंड देशांत सूर्य कमी म्हणून पानं विरळ करतात. विदर्भ, मराठवाडा, खानदेश इथं मार्चपासूनचं ऊन निराळं असतं. भर उन्हात राबणारा शेतकरी डोक्यावरचा पंचा जसा काढत नाही, तसं टोमॅटोच्या फळावरचं पान काढू नये. उघड्या पडलेल्या हिरव्या फळाच्या वरच्या बाजूला आधी पिवळट-पांढरा चट्टा पडतो, मग तो भाग सुरकुततो, पातळ कागदासारखा होतो आणि त्यावर बुरशी चढते. शिवाय टोमॅटोला लाल रंग देणारं लायकोपीन साधारण तीस अंशांच्या वर नीट तयार होत नाही. उन्हात तापलेलं फळ म्हणून लाल न होता देठाकडे पिवळं-नारिंगी राहतं.

पानं काढून फळाला ऊन मिळू दिलं म्हणजे ते लवकर पिकतं, ही समजूत यामुळेच चुकीची आहे. टोमॅटो पिकायला ऊन लागत नाही. बेताचं तापमान आणि फळात तयार होणारा इथिलीन वायू एवढं पुरतं. म्हणून तर हिरवट टोमॅटो स्वयंपाकघरातल्या टोपलीतही लाल होतो. फळातली गोडी मात्र पानांतून येते, आणि घोसाच्या आजूबाजूची पानं त्या घोसाला सगळ्यात जास्त पुरवतात. तीच पानं काढली की फळ लाल झालं तरी चवीला फिकं लागतं.

उन्हाळी भागासाठी छाटणीची एक वेगळी पद्धत आहे. तिला मिसूरी छाटणी म्हणतात. तिच्यात फुटवा बुडापासून काढत नाहीत. त्याला दोन पानं येऊ देतात आणि मग फक्त त्याचा शेंडा खुडतात. फुटव्याची लांबी थांबते, पण ती दोन पानं राहतात आणि शेजारच्या घोसावर सावली धरतात. फेब्रुवारीनंतर फळं धरणाऱ्या झाडाला हीच पद्धत लावावी. पुढं त्या पानांच्या बेचक्यातूनही कोंब निघतात, त्यांचा शेंडा पुन्हा खुडावा लागतो. काम थोडं वाढतं, पण फळं वाचतात.

पावसाळ्यात उलट स्थिती असते. जून-जुलैत लावलेल्या झाडाची पानं दिवसदिवस ओली राहतात. मातीतली बुरशी पावसाच्या थेंबाबरोबर उडून खालच्या पानांवर बसते. आधी वर्तुळात वर्तुळ असलेले तपकिरी ठिपके दिसतात, पान पिवळं पडतं आणि करपा खालून वर चढत जातो. इथं झाड मोकळं ठेवण्याचा खरोखर उपयोग होतो. पहिल्या घोसातली फळं सुपारीएवढी झाली की त्या घोसाखालची पानं दोन-दोन करून काढावीत आणि जमीन पाचोळ्यानं झाकावी. गर्दी करणारे फुटवे लहान असतानाच खुडावेत. पण हे काम उघडीप पाहून, पानं कोरडी असताना करावं. ओल्या झाडाला केलेली जखम रोगाला आमंत्रण देते. एका वेळी झाडाची एक चतुर्थांशाहून जास्त पानं कधीच जाऊ देऊ नयेत.

कोकणात आणि गोव्यात आणखी एक धोका असतो, तो जिवाणूजन्य मर रोगाचा. हिरवंगार झाड दोन दिवसांत उभ्या उभ्या कोमेजतं, पाणी घालूनही उठत नाही. उष्ण, दमट हवा आणि तिथली आम्लधर्मी माती या जिवाणूला मानवते. तो जसा मातीतून मुळांत शिरतो तसा कापणाऱ्या पात्यावरूनही एका झाडाचा दुसऱ्या झाडावर जातो. तिथं कात्री, चाकू यांचा वापर जमेल तेवढा टाळावा, फुटवे बोटांनी मोडावेत आणि मर रोगाला तोंड देणारा वाण निवडावा. अर्का रक्षक त्यांपैकीच एक आहे.

बोटांनी मोडणं म्हणजे नेमकं काय, ते सांगायला हवं. पान आणि खोड यांच्या बगलेत, पंचेचाळीस अंशांत उभा राहिलेला छोटा कोंब म्हणजे बगलफूट. फुलांचा घोस कधीही बगलेतून येत नाही. तो दोन पानांच्या मधे, थेट खोडातून निघतो. हा फरक डोळ्यांत बसला की चुकून घोस मोडला जात नाही. फुटवा दोन-तीन इंचांचा असताना अंगठा आणि तर्जनी यांच्यात त्याचं बूड धरावं, एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे वाकवावं. तो कट्‌ असा आवाज करून सुटतो आणि मागं वाटाण्याएवढी जखम राहते, जी कोरड्या हवेत लवकर सुकते. खाली ओढला तर खोडाची साल निघते, म्हणून ओढू नये. पेन्सिलीएवढा जाड झालेला फुटवा मात्र धारदार, स्वच्छ पात्यानं कापावा. सकाळी दव सुकल्यावरची वेळ या कामाला उत्तम. भर वाढीच्या दिवसांत चार-पाच दिवसांनी एक फेरी मारली, तर एका झाडाला दोन मिनिटंही लागत नाहीत.

काम झाल्यावर बोटांकडे पाहावं. ती पिवळट हिरवी झालेली असतात, थोड्या वेळानं काळपट चिकट होतात, आणि साबणाचं पाणी लावलं की फेस गर्द पिवळा निघतो. टोमॅटोच्या खोडावर आणि पानांवर बारीक लव असते. त्यातल्या काही केसांच्या टोकाशी ग्रंथी असतात. टोमॅटोचा तो ओळखीचा उग्र वास आणि हा डाग त्यांचाच. किडीला दूर ठेवण्याची ही झाडाची स्वतःची व्यवस्था आहे.

हात धुणं हे स्वच्छतेपेक्षाही झाडांसाठी आवश्यक आहे. तंबाखू आणि टोमॅटो एकाच कुळातले, आणि तंबाखूवर येणारा मोझॅक विषाणू टोमॅटोलाही बाधतो. तो इतका चिवट आहे की वाळलेल्या, पुडीतल्या तंबाखूतही टिकून राहतो. तंबाखू मळून तोच हात झाडाला लावला, तर फुटवा मोडताना झालेल्या जखमेतून तो आत शिरू शकतो. पानांवर हिरवे-पिवळे पट्टे येतात, पानं अरुंद होतात, वाढ खुंटते, आणि त्यावर औषध नाही. म्हणून घरात तंबाखू खाणारं, ओढणारं कुणी असेल तर झाडाला हात लावण्याआधी साबणानं हात स्वच्छ धुवावेत. दुधात या विषाणूला निष्प्रभ करण्याचा गुण आहे. रोपं हाताळताना बोटं दुधाच्या पाण्यात बुडवण्याची पद्धत अनेक देशांतल्या टोमॅटो उत्पादकांत आहे. एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी यात कात्री बुडवून घेतली तरी चालते. आजारी वाटणाऱ्या झाडाला नेहमी शेवटी हात लावावा. पानं आक्रसून, वर वळून झाड झुडपासारखं होत असेल तर तो पांढऱ्या माशीनं आणलेला पर्णगुच्छ रोग असू शकतो. ते झाड छाटून सुधारत नाही, उपटून टाकावं लागतं.

काही वेळा झाड नुसतं माजतं. खोड अंगठ्याएवढं जाड, पानं गर्द हिरवी आणि आत वळलेली, फुलं नावापुरती. अशा वेळी लोक कात्री घेतात, पण दोष खताचा असतो. शेणखत, कोंबडीखत किंवा युरिया जास्त झाला की नत्रामुळे पालाच वाढतो. कापला की आणखी जोमानं फुटतो. नत्र बंद करून पालाशयुक्त खत द्यावं आणि झाडाला थोडा वेळ द्यावा. बाल्कनीत दिवसाला तीन तासच ऊन येत असेल तर तिथंही छाटणीचा उपयोग नाही; टोमॅटोला किमान सहा तास ऊन हवं. आणि एप्रिल-मेमध्ये दिवसाचं तापमान पस्तीसच्या वर गेलं, रात्रही तापू लागली, की परागकण निकामी होतात आणि फुलं गळतात. त्याला कोणतीही छाटणी थांबवू शकत नाही.

खुडलेले फुटवे फेकण्याआधी त्यांतले वीतभर वाढलेले दोन-तीन बाजूला ठेवावेत. खालची पानं काढून ते पाण्याच्या ग्लासात सावलीत ठेवले तर आठ-दहा दिवसांत पांढरी मुळं फुटतात. मग ते कुंडीत, अर्धं खोड मातीत जाईल असे लावावेत. संकरित वाणाचं बी धरून पुढं तसाच टोमॅटो मिळत नाही, पण फुटव्यापासून केलेलं रोप मूळ झाडासारखंच निघतं. जुलैत लावलेल्या झाडाचे फुटवे सप्टेंबरअखेर रुजवले, तर पावसानं थकलेल्या झाडाच्या जागी ऑक्टोबरात ताजी रोपं तयार असतात, आणि महाराष्ट्रात टोमॅटोला सर्वांत मानवणारा नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा काळ त्यांना पुरता मिळतो. फुटवे घेताना मूळ झाड निरोगी आहे ना, एवढं पाहावं.

ज्यांना अजूनही खात्री पटत नाही त्यांनी एकाच वाणाची दोन रोपं, सारख्या कुंड्यांत, शेजारी शेजारी लावावीत. एक रोप दोन खोडांवर ठेवावं, दुसऱ्याची फक्त खालची पानं काढावीत. प्रत्येक तोडणी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेच्या चौकोनात लिहावी. आपली गच्ची, आपलं ऊन, आपला वाण यांचं उत्तर याहून नेमकं कुठं मिळणार नाही.

हंगामाच्या शेवटी मात्र एक छाटणी सगळ्या अमर्याद वाढीच्या झाडांना लाभते, ती शेंड्याची. फूल उमलल्यापासून फळ पिकायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. ऑक्टोबरात लावलेल्या झाडाचा शेंडा फेब्रुवारीच्या मध्याच्या सुमारास, वरच्या घोसावर दोन पानं ठेवून खुडला, तर नव्या फुलांवर जाणारं बळ लागलेल्या फळांकडे वळतं. एप्रिलच्या कडक उन्हाआधी ती तयार होतात. न्यू जर्सी किंवा टोरांटोसारख्या ठिकाणी परसात टोमॅटो लावणाऱ्या मराठी घरांचं वेळापत्रक वेगळं. तिथं पहिला हिमतुषार पडण्याआधी महिनाभर, म्हणजे ऑगस्टअखेर-सप्टेंबरात शेंडा खुडतात. छोट्या हंगामामुळे तिथं एक-दोन खोडांची पद्धतही आपल्यापेक्षा जास्त फायद्याची ठरते.

तरीही झाड उपटायच्या दिवशी त्यावर काही हिरवी फळं राहतातच. त्यांतली पूर्ण वाढलेली, पांढुरकी झाक आलेली फळं घरात सावलीत, एकमेकांना न चिकटवता, पिकलेल्या केळ्याशेजारी ठेवली तर आठवड्या-दोन आठवड्यांत रंग धरतात. गर्द हिरवी, कडक फळं पिकत नाहीत. ती चिरून, तेलात लसूण आणि हिरव्या मिरचीबरोबर परतून, भाजलेले तीळ-दाणे घालून वाटावीत. भाकरीबरोबर ती चटणी चार दिवस सहज पुरते.